अकरा नंबरचं झुडूप

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आमच्या मराठी मंडळात नवं कुटुंब आलं की एकमेकांची ओळख करून देण्याचा कार्यक्रम होतो. कुणी गाड्यांचे ब्रेक तपासतं, कुणी बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहितं, कुणी विद्यापीठात पीएचडी करतं. माझी पाळी आली की मी सांगायची, मी फळं चाखते. लोक हसायचे आणि मग हळूच विचारायचे, "ते ठीक आहे वहिनी, पण नोकरी कुठे?" हीच नोकरी. हार्ट्सचे डोंगर जिथून दिसायला लागतात तिथल्या एका रोपवाटिकेत मी वीसेक वर्षं ती केली. आता घरी बसले आहे, आणि आमच्या अंकाच्या संपादक मुलीला सॉफ्टवेअरबाहेरचा एक तरी लेख हवा आहे, म्हणून लिहिते.

फळाचं नाव हॅस्कॅप. करवंदापेक्षा थोडं मोठं, पण लांबट, कुणीतरी दोन्ही टोकांना धरून ओढल्यासारखं. रंग गडद निळा, वर द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक. चव आंबटगोड, मागून किंचित तुरट. झुडूप आपल्या छातीएवढं होतं. मूळ घर सैबेरिया, जपानचा उत्तर भाग आणि तसलेच गारठलेले मुलूख. उणे तीसची थंडी या झुडपाच्या खिजगणतीत नसते. फुलांवर बर्फ पडला तरी फुलं टिकतात. मी वाईजवळच्या गावात वाढले, वडील स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर कामाला होते, मी स्वतः शेतकी पदवीधर. तरी पहिल्या वर्षी गोठलेल्या फांदीवर जिवंत फूल पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

मग अशा फळाला निवडायचं काय, असं कुणीही विचारेल. लावलं की झालं. पण गोम इथेच आहे. जर्मनीत हॅस्कॅपला थंडीची भीती नाही, खोट्या उबेची आहे. इथे जानेवारी संपताना एखादा आठवडा असा उबदार येतो की लोक कोट काखोटीला मारून फिरतात. सैबेरियाकडच्या जातींना वाटतं, आला वसंत. त्या धडाधडा फुलतात. पुन्हा थंडी येते, फुलं ती सोसतात, पण त्या गारठ्यात भुंगे आणि मधमाशा बाहेर पडत नाहीत. फुलं वाट बघून गळून जातात आणि जूनमध्ये झुडपावर फळ नसतं. म्हणून आमच्याकडे निवडायची ती गाढ झोपणारी जात. जानेवारीच्या थापांना न भुलणारी, चेरीच्या सुमारास सावकाश उठणारी.

दुसरी अडचण लग्नाची. एकटं हॅस्कॅप फळत नाही, शेजारी त्याच वेळी फुलणारी वेगळी जात लागते. फ्रँकफर्टच्या बँकेतल्या एका मराठी गृहस्थांनी माझ्याकडून दोन झुडपं नेली. दोन्ही हुबेहूब सारखी हवीत, फाटकाच्या दोन बाजूंना शोभतील, असा त्यांचा हट्ट. मी परोपरीने सांगितलं, ऐकलं नाही. दोन वर्षांनी फोन आला, फुलं भरभरून, फळ एकही नाही. मी म्हटलं, "अहो, ही एकाच झुडपाच्या काडीपासून केलेली. सगोत्र आहेत." मग ते म्हणाले, "बरं, मग दुसऱ्या गोत्रातलं एक पाठवून द्या." जर्मन गिऱ्हाइकाला हे समजावताना मला अर्धा तास लागायचा.

रोपवाटिकेचे मालक हेर हाइनरिश ल्यूडर्स. उंच, कमी बोलणारे, गुडघ्यांनी अधू. एकदा ऑगस्टमध्ये एक निवृत्त शिक्षिका सायकलला बांधून झुडूप परत घेऊन आल्या. पानं तपकिरी, कुरळी, अर्धी गळलेली. म्हणाल्या, तुम्ही मला मेलेलं रोप दिलंत. हॅस्कॅप इतकं लवकर उठतं आणि फळतं की ऑगस्टपर्यंत दमून जातं, ही त्याची रीतच आहे. ल्यूडर्सनी वाकून नखाने साल खरवडली, खालची हिरवी रेघ बाईंना दाखवली आणि म्हणाले, "हे झोपलं होतं. तुम्ही ते उठवून इथवर आणलंत." बाईंनी माफी मागितली. ल्यूडर्सची की झुडपाची, ते मला अजून कळलेलं नाही.

पण ल्यूडर्सना एक गोष्ट जमत नव्हती. पाइप ओढून ओढून त्यांच्या जिभेचं वाटोळं झालं होतं. त्यामुळे चव हा विभाग त्यांच्या बायकोचा. त्यांचं नाव इल्झे. मी तोंडाने शेवटपर्यंत फ्राऊ ल्यूडर्स म्हणत आले, मनात मात्र इल्झेबाई. बुटक्या, गुबगुबीत, बोलक्या. आता त्या नाहीत. मी कामाला लागले तेव्हा ल्यूडर्सनी बियांपासून वाढवलेली झुडपं ओळींनी उभी होती, आणि त्यांतून नवी जात काढायची हे दोघांचं वेड होतं. चव सांगायला दुसरी जीभ हवी म्हणून बाईंनी मला निवडलं. त्यांना वाटलं, मसाल्यांच्या देशातली आहे, जीभ तयार असणार.

चाखायची पद्धत ठरलेली. सकाळी, कॉफीच्या आधी. बाई आणि मी रोपं बांधायच्या शेडमध्ये एकमेकींकडे पाठ करून उभ्या, कारण एकीचं तोंड वाकडं झालेलं दुसरीला दिसलं की तिचंही होतं. ल्यूडर्स दोघींपुढे एकेक बशी ठेवणार, झुडपाचा नंबर न सांगता, आणि पुढची फळं आणायला बाहेर जाणार. परत आले की दारातून म्हणणार, "आल्झो?", म्हणजे, काय मग? आम्ही बोटं वर करायची. एक बोट म्हणजे टाकाऊ, पाच म्हणजे उत्तम. बोलायचं नाही. ल्यूडर्स तो आकडा झुडपाजवळच्या खुंटीवर खडूने लिहून ठेवायचे, आणि ज्या खुंटीवर वर्षामागून वर्ष छोटे आकडे पडले ते झुडूप शरदात उपटलं जायचं.

बहुतेक झुडपांच्या बाबतीत आमचं जमायचं. वाद असायचा फक्त अकरा नंबरचा. हे झुडूप म्हणजे ल्यूडर्सच्या मनातलं चित्र होतं. सरळसोट बांधा, जानेवारीत काहीही होवो ढिम्म न हलणारं, फुलायचं ते थेट भुंग्यांच्या वेळेला, फळ घोसांनी. बाईंचं मात्र दर वर्षी एक बोट. कडू. माझी पाच. ल्यूडर्स दारात उभे राहून दोन्ही हात बघायचे आणि डोकं खाजवायचे. शेवटी माझ्या जिभेत काहीतरी वेगळं असावं असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि बायकोवर विश्वास ठेवूनही ते झुडूप काही त्यांच्याने उपटवलं नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत ते उभं राहिलं.

जिभेत काही वेगळं नव्हतं. वेगळं माझ्या एप्रनच्या खिशात होतं. आमच्याकडे करवंदं, तुती, कैरी, पेरू, काहीही आंबटतुरट खायचं तर सोबत मीठ लागतं. माझ्या खिशात मिठाची एक चपटी डबी कायम असायची. बशीतलं फळ उचलायचं, मिठाचा कण लावायचा, तोंडात टाकायचं. ल्यूडर्सच्या नियमांत कॉफी नको, पाव नको, बोलणं नको असं सगळं होतं. मिठाबद्दल कुणी बोललं नव्हतं, कारण फळाला मीठ लावणारा माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आणि मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. पाटावर बसताना आपण कुणाला सांगतो का, की मी आता पाटावर बसते आहे? तसंच.

मग बाई आजारी पडल्या. तो हिवाळा केमोमध्ये गेला. त्यांचे केस गेले, गुबगुबीतपणा गेला, आणि त्या औषधांनी त्यांच्या तोंडाची चव नेली. जे खातील ते लोखंडासारखं लागायचं. सूप लोखंड, बटाटे लोखंड, स्वतः घातलेला जॅम लोखंड. दुधात भिजवलेला टोस्ट तेवढा कसाबसा घशाखाली जायचा. वसंतात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही. ल्यूडर्सनी हे मला रोपं मोजता मोजता सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

त्याच उन्हाळ्यात निवडही संपवायची होती. ल्यूडर्सचे गुडघे आता वाफ्यांत वाकू देत नव्हते. मुलगा येन्स धंदा हातात घेणार होता, आणि त्याला त्या जमिनीत नाताळची झाडं लावायची होती. त्यात त्याचं चूक काही नव्हतं. त्याने वडिलांना एक वाफा ठेवायचं कबूल केलं, एका जातीपुरता. दोघींनाही आवडणारं गोड चार नंबर की अकरा नंबर, तेवढंच ठरायचं राहिलं होतं. मी ल्यूडर्सना सुचवलं की या वेळी बाईंना त्रास नको, आपण दुसऱ्या कुणाला तरी बोलावू. ते बाईंच्या कानावर गेलं. त्यांनी मला निरोप पाठवला की चाळीस वर्षं हे काम त्यांनी केलं आहे आणि शेवटचा आकडाही त्याच देणार आहेत.

जूनमधली सकाळ. बाईंना येन्सने खुर्चीसकट उचलून शेडमध्ये आणलं. उन्हाळा असून डोक्याला लोकरीची टोपी. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. ल्यूडर्सनी पहिली बशी ठेवली आणि बाहेर गेले. मी चाखलं, चार नंबर होतं, ते न सांगताही कळायचं. "आल्झो?" मी बोटं वर केली. ल्यूडर्स बराच वेळ दारात थांबले आणि दुसरी बशी ठेवून निघून गेले. ती चाखून झाल्यावर मी नियम मोडून मागे वळून बघितलं. बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

"फ्राऊ कदम," त्या म्हणाल्या, "मला फरकच कळत नाही. दोन्ही लोखंड."

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी जवळ घेतलं असतं. त्या फक्त बशीकडे बघत होत्या, एखाद्या ओळखीच्या माणसाने ओळख दाखवू नये तसं. आणि मला माझी आई आठवली, ताप उतरल्यावर आमच्या तोंडाला चव नसली की ती काय करायची ते. मऊ भात, आणि जिभेवर लिंबाच्या लोणच्याचा खार. लोणचं जवळ नव्हतं. मी डबी काढली. बशीतली फळं चमच्याने ठेचली, मीठ घातलं, कॉफीच्या ट्रेमधली साखर घातली, कालवलं आणि चमचा त्यांच्या तोंडापुढे धरला. म्हटलं, "तोंड उघडा." लहान मुलाशी बोलावं तशी बोलले मी. जर्मनीत वडीलधाऱ्या बाईशी असं कुणी बोलत नाही.

त्यांनी तोंड उघडलं. डोळे मिटून घेतले. घास बराच वेळ तोंडात फिरला.

"हे काय आहे?"

"अकरा नंबर."

"नाही. अकरा कडू असतं."

"मीठ घातलंय."

कडूपणाला मीठ मारतं हे आपल्याकडे कारली चिरणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. इतकी वर्षं अकरा नंबरचा कडूपणा माझ्या जिभेपर्यंत पोचलाच नव्हता, हे मात्र मला त्या क्षणी कळलं. आणि ते कळलेला माणूस मी एकटी नव्हते. ल्यूडर्स दारात उभे होते आणि माझ्या हातातल्या डबीकडे बघत होते.

"ही डबी कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

ते फळांच्या उलट्या खोक्यावर बसले. गुडघ्यांचा आवाज झाला. त्यांच्या हिशेबात या एका वाक्यात कितीतरी उन्हाळे वाहून गेले होते. मला वाटलं आता ते रागावणार, आणि रागावले असते तर मला बोलायला जागा नव्हती. पण ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "म्हणजे तुमचे सगळे मार्क रद्द, फ्राऊ कदम."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांचं तोंड भरलेलं होतं, दुसरा चमचा त्यांनी स्वतःच घेतला होता. "मग माझेही रद्द कर, हाइनरिश. आणि आणखी एक बशी आण."

ती बशी त्यांनी संपवली. ल्यूडर्सनी तिसरी आणली, तीही अर्धी संपवली. मग आमच्या ह्यांनी घरून मऊ भात आणला, वर साजूक तूप आणि बाजूला ठेचलेलं अकरा नंबर, मीठ, साखर, चिमूटभर जिरेपूड घालून, कोशिंबिरीसारखं. पोचवायला निघाले तेव्हा मला म्हणाले, "अगं, त्या बाईंना तू वरणभातावर आणणार की काय?" त्या आठवड्यात वजनाचा काटा खाली जायचा थांबला. वर गेला नाही. पण थांबला, आणि डॉक्टरांनी एक डोस दिला.

निवडीचं म्हणाल तर चार नंबर निवडलं गेलं. ल्यूडर्सनी एकट्याने ठरवलं आणि बरोबर ठरवलं. गिऱ्हाईक झुडपावरून फळ तोडून तसंच तोंडात टाकतं, खिशात मीठ घेऊन बागेत जात नाही. माझ्या डबीच्या भरवशावर कडू जात देशभर विकणं म्हणजे फसवणूकच झाली असती. चार नंबर आज कितीतरी बागांमध्ये आहे, गोड आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण अकरा नंबरसारखं झोपणारं झुडूप मी पुन्हा पाहिलं नाही, आणि त्याची रुखरुख आहेच.

येन्सने जमीन साफ करायला घेतली त्याच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये होते. ल्यूडर्स आले आणि म्हणाले, फावडं घ्या, अकरा नंबर काढायचं आहे. मला वाटलं उपटून टाकायचं आहे आणि ते त्यांना स्वतःच्या हाताने करायचं आहे. तसं नव्हतं. बाईंना आणून दिलेली फळं आवडेनाशी झाली होती. त्यांना स्वतः तोडून खायचं होतं, आणि शेतापर्यंत येण्याचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. झुडूप त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली न्यायचं होतं.

हे कुणी सांगावं, तर ल्यूडर्सनी. पानांनी आणि फळांनी भरलेलं झुडूप जूनमध्ये हलवायचं नसतं, हा या धंद्यातला पहिला धडा. पानं गळून झुडूप झोपलं की मगच मुळांना हात लावायचा. माझ्यासमोर त्यांनी या एका चुकीसाठी कामावरच्या माणसांना झापलेलं होतं. मी म्हटलं, "हेर ल्यूडर्स, आत्ता नको. येन्सला सांगून तेवढं एक ठेवून घेऊ. नोव्हेंबरमध्ये हलवू."

"हो," ते म्हणाले. "नोव्हेंबर झुडपासाठी चांगला असतो." आणि खणायला लागले.

मीही दुसरं फावडं घेतलं. झुडपाला धक्का लागला की पिकलेली फळं गळतात, म्हणून आम्ही खाली आणि भोवती पलंगावरची चादर बांधली. येन्स आला आणि तोही खणायला लागला. मुळांभोवती होईल तेवढा मोठा मातीचा गोळा ठेवून तो गोणपाटात गुंडाळला, छोट्या ट्रॅक्टरने घरामागे आणला, खिडकीखाली खड्डा करून झुडूप बसवलं. माती दाबली, पाणी घातलं. ल्यूडर्सचा चेहरा पांढरा पडला होता, ते भिंतीला टेकून उभे राहिले.

आतून खिडकी उघडली. बाईंनी टोपी सारखी केली आणि हात बाहेर काढला. सगळ्यांत जवळची फांदी त्यांच्या बोटांपासून वीतभर लांब राहिली. त्यांनी थोडं वाकून बघितलं, दम लागला, मग हात मागे घेतला.

"राहू दे, हाइनरिश," त्या म्हणाल्या. "छान दिसतंय. तू तोडून देशील मला."

भिंतीला टेकवलेलं फावडं ल्यूडर्सनी उचललं, गुडघे धरून खाली बसले, आणि आत्ताच दाबलेली माती पुन्हा उकरायला लागले. येन्सने आणि मी झुडूप दोन्ही बाजूंनी धरलं, आणि तिघांनी मिळून ते वीतभर खिडकीकडे सरकवलं.